थंड खोलीतले चौघे

माझा धाकटा भाऊ लॉयड लहानपणापासूनच हेवेखोर. मला वाढदिवसाला सायकल मिळाली, तेव्हा रोज सकाळी तिच्या चाकातली हवा सोडायचा त्यानं नेमच धरला. आईनं विचारलं की म्हणायचा, उन्हानं रबर मऊ पडतं. पण माणूस वाईट नव्हता. आमच्या ह्यूऑनच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, ट्रॅक्टर चिखलात रुतला की पहिली हाक लॉयडलाच जायची. त्याचा हेवा म्हणजे एखाद्याचा दमा असतो तसा होता. उसळला की उसळला, मग कित्येक महिने त्याचा पत्ता नसायचा.

लग्न त्यानं उशिरा केलं. रोवेना अ‍ॅडलेडची, इथल्या शाळेत संगीत शिकवायला आलेली. सफरचंदाच्या मोहोरात त्यांचं लग्न झालं. आमचे वडील सगळ्या समारंभात एवढंच म्हणाले, की पोरीचे हात छाटणीचे नाहीत. नव्हतेच. ती व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज जरा घोगरा, घशात आवंढा अडकल्यासारखा. संध्याकाळी लॉयड बागेतून यायचा, दाराशी बूट काढून तिथेच पायरीवर बसायचा आणि आतून येणारं ते वाजवणं ऐकायचा. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आपल्यासाठी चाललंय एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. बरीच वर्षं अशी सुखात गेली.

मग टॅमझिन आली. उंच, सडपातळ बाई. होबार्टच्या मोठ्या वाद्यवृंदातली व्हायोलिनची नोकरी सोडून आलेली. तिला चारच जणांचा ताफा हवा होता: दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोराड व्हायोलिन. जुन्यातले हायडन, बेथोव्हन वाजवायचे, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून कालपरवा लिहिलेलं, अजून शाई न वाळलेलं काहीतरी वाजवायचं, असा तिचा बेत. दुसऱ्या व्हायोलिनवर ज्युडिथ, आमच्या भागातली गुरांची डॉक्टर. चेलोवर लास्लो. त्याचे आईबाप हंगेरीहून धरणाच्या कामावर आले आणि इथलेच झाले. लास्लोची दाढी मोठी, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. इथल्या शीओक झाडावरून त्यांनी स्वतःला शीओक क्वार्टेट, म्हणजे शीओक चौकडी, असं नाव दिलं होतं. मी त्यांना चांडाळ चौकडी म्हणायचे. पुढे तेही स्वतःला तेच म्हणायला लागले.

तालमीला जागा दिली ती लॉयडनंच. आमच्या पॅकिंग शेडला लागून फळं साठवायची जुनी थंड खोली होती. माल परस्पर बाहेर जायला लागल्यापासून ती रिकामीच पडलेली. भिंती हातभर जाड, आत लाकडी भुसा ठासलेला, वरून फळ्या. टॅमझिननं आत येऊन एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, हीच. लॉयडनं खोली झाडली, जमीन सारखी केली, हीटर आणून बसवला. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात, तो असा.

पहिल्या हिवाळ्यात छाटणीच्या दिवसांत एका दुपारी तो तिथं करवत आणायला गेला. चौघं वाद्यं सरसावून बसलेले, सुरू करायच्या बेतात. तिथून तो सरळ माझ्याकडे आला. माझं घर रस्त्याच्या पलीकडेच आहे. करवत आणलीच नव्हती.

"ते चौघं एकदम श्वास घेतात," तो म्हणाला.

"मग? सोडतही असतील."

"थट्टा नको, ग्वेन. सुरू करायच्या आधी. एक-दोन-तीन काही नाही, कुणी मान हलवत नाही. चौघांची छाती एकाच वेळी वर येते. आणि त्या वेळी रोवेना लास्लोकडे बघते."

"मग कुणाकडे बघेल? बुटांकडे?"

तो खुर्चीत बसला. माझ्यापुढचा चहा त्यानं स्वतःकडे ओढून घेतला. "माझ्याकडे तिनं असं कधी बघितलेलं नाही," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं, की ते कामच तसलं असणार. मी आयुष्यभर सफरचंदं भरली. शेजारच्या बाईशी हात जुळवून घ्यावाच लागतो. पण त्याच्या मनात जे भरलं ते भरलंच. त्यानंतर त्या खोलीत त्याची कामं निघायला लागली. आज शिडी, उद्या तेलाचा डबा, परवा उंदराचा पिंजरा. दार जरा लोटायचं, ते चौघं श्वास घेईपर्यंत थांबायचं, आणि मग शिडी घेऊन निघून जायचं. टॅमझिनला वाटलं, मालकाला संगीताची आवड लागली. तिनं त्याच्यासाठी दाराशी एक स्टूल ठेवलं. तो त्यावर कधी बसला नाही.

लास्लो तसा मनमोकळा. लॉयडला तो "मालक" म्हणायचा, पाठीवर थाप मारायचा, रोवेनानं ओव्हनमध्ये भाजलेला शिंपल्यांच्या सारणाचा 'स्कॅलप पाय' दोनदा मागून घ्यायचा आणि वर म्हणायचा, "मालक, तुझं नशीब थोर आहे बाबा." तो जितका गोड बोलायचा तितका लॉयडचा तिळपापड व्हायचा. माणूस खवचट असता तर भांडता तरी आलं असतं.

शब्दसुद्धा तो मोजायला लागला. पूर्वी रोवेना "आम्ही" म्हणाली की त्यात लॉयड असायचा. आम्ही ब्रूनी बेटावर गेलो, आम्ही कुत्रा आणला. आता "आम्ही" म्हणजे ते चौघं. आम्ही मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये वाजवलं. आम्ही फेरीबोटीवर वाजवलं, वारा इतका की कागद चिमट्यांनी धरले होते. आम्ही एक नवी चीज बसवतोय, त्यात ज्युडिथ तारांवरून नखं फिरवते आणि लास्लो चेलोच्या पोटावर थापा मारतो. खोऱ्यातले लोक आधी नुसतं बघायला आले, पुढे सवयीनं यायला लागले. आधी हायडन, म्हणजे लोक खुर्चीत स्थिर होतात, असं टॅमझिन म्हणायची. मग ते नवीन. म्हातारा पर्सी तर हायडन संपेपर्यंत बाहेर गाडीत बसायचा आणि नव्या चिजेला आत यायचा. त्याला त्यात त्याच्या जुन्या ट्रकचा आवाज ऐकू यायचा म्हणे. हे सगळं रोवेना जेवताना रंगवून सांगायची. लॉयड कोकराचं मांस कापत खाली मान घालून ऐकायचा.

पुढल्या हिवाळ्यात चौकडीचा पश्चिम किनाऱ्याचा दौरा ठरला. क्वीन्सटाउन, झीहान, खाणींची गावं. लॉयड म्हणाला, व्हॅन मी चालवतो. छाटणी अर्धवट टाकून तो जन्मात कुठे गेला नव्हता. मी त्याला विचारलं, झाडांचं काय? तो म्हणाला, झाडं कुठे पळून जात नाहीत. पळून कोण जाईल ते त्यानं बोलून दाखवलं नाही.

परत आल्यावर तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. चेहरा बघून मला वाटलं, काहीतरी विपरीत पाहून आलाय. उलटंच होतं. क्वीन्सटाउनला सकाळच्या नाश्त्याला ते चौघं चार वेगळ्या टेबलांवर बसले, त्यानं सांगितलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आदल्या दिवशी एका सुरावरून जुंपली होती. टॅमझिनला तो लांब हवा होता, लास्लोला आखूड. गाडीत जाता-येता दोन्ही वेळा रोवेना पुढे लॉयडशेजारी बसली, आणि परत येताना डोंगराच्या वळणांवर, मागे लास्लो घोरत असताना, तिनं हळूच सांगितलं की हा माणूस मला मुळीच सहन होत नाही. खातो कसा, हसतो कसा, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो कसा. वाजवायचं नसतं तर मी याच्याबरोबर बसस्टॉपवरसुद्धा उभी राहिले नसते, म्हणाली.

"मग झालं तर," मी म्हटलं. "गंगेत घोडं न्हालं."

"नाही," तो म्हणाला. "तुला कळलंच नाही. तो आवडत असता तर मी भांडलो असतो. तिला म्हटलं असतं, तो की मी. आता काय म्हणू? तो तिला आवडत नाही, ग्वेन. आणि तरीही ती त्याच्याकडे तशी बघते."

मी त्याला मांस-बटाटा भरलेली पेस्टी गरम करून दिली. त्यानं अर्धी खाल्ली.

नंतरच्या तोडणीच्या हंगामात लॉन्सेस्टनहून ब्रायोनी नावाची बाई आली. ती संगीत लिहायची. चौकडीनं तिला या खोऱ्यावर काहीतरी नवं लिहायला सांगितलं होतं. मजुरांच्या खोपटात राहायची, पावसाळी कोट घालून बागेतून हिंडायची, कानाला हेडफोन लावून प्रतवारीच्या यंत्राचा, शिड्यांचा, कुत्र्याचासुद्धा आवाज टिपायची. एक दिवस शेडच्या माळ्यावर तिला सफरचंदं गुंडाळायच्या पातळ कागदांचे जुने गठ्ठे सापडले. आमच्या लहानपणी प्रत्येक फळ अशा कागदात गुंडाळून पेटीत भरत. कागद डाव्या हातावर, उजव्या हातानं फळ त्यावर टाकायचं, एक पीळ, आणि पेटीत. ब्रायोनी म्हणाली, मला ते करून दाखवा.

मी एक पेटी भरून दाखवली. मग लॉयडनं भरली. तो लहान असतानाच ही पद्धत बंद पडली, त्यामुळे त्याचा हात बसलेलाच नव्हता. कागद चुरगळत होता, फाटत होता, एक फळ तर घरंगळत दारापर्यंत गेलं. ब्रायोनी डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, मला लॉयड हवा. चौघांच्या मध्ये पाचवा, कागद आणि फळं घेऊन.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचा हात फार सफाईचा आहे, ग्वेन. आवाजच होत नाही."

एवढ्या वर्षांच्या सफाईचं हे बक्षीस. त्या संध्याकाळी मी लॉयडशी धड बोलले नाही. तो मात्र हवेत होता.

अशी त्या थंड खोलीत पाचवी खुर्ची आली, ज्युडिथ आणि रोवेनाच्या मधे. चहाची किटली घेऊन मी अधूनमधून जायचे, म्हणून डोळ्यांनी पाहिलंय. लॉयड काही केल्या वेळेवर सुरू करायचा नाही. चौघांचा श्वास होऊन जायचा, गज तारांवर उतरायचे, आणि मग मागाहून याचा कागद कुरकुरायचा. टॅमझिन गोड आवाजात म्हणायची, परत एकदा. ब्रायोनी म्हणायची, घाई नाही. रोवेना तारांकडे बघत राहायची. शेवटी लास्लोनं चेलो बाजूला टेकवला, खुर्ची ओढून तो लॉयडच्या समोर बसला.

"मालक, कागदाकडे नको बघू," तो म्हणाला. "कागद कुठे जात नाही. माझ्याकडे बघ. माझ्या पोटाकडे बघ, ते चांगलं मोठं आहे, चुकायचं नाही. मी श्वास घेईन तेव्हा तू घे."

ज्या माणसाच्या नावानं दोन वर्षं बोटं मोडली, त्याच्या पोटाकडे लॉयड बघत बसला. आठवड्यामागून आठवडे. लास्लो चिडला नाही, हसला नाही. तालीम संपल्यावर बाकीचे गेले तरी ते दोघं बसायचे. एकदा मी कपबश्या न्यायला गेले, तर दोघं समोरासमोर बसून नुसतं श्वास घेत होते. वाद्य नाही, कागद नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी कपबश्या तिथेच ठेवून आले.

आणि हळूहळू जमलं. पुरतं नाही, पण लॉयडचा कागद चौघांच्या बरोबर वाजायला लागला. तो बागेत शीळ घालायला लागला. माझ्याकडे येऊन म्हणायचा, "आम्ही आज मधला भाग केला." "आमचं शेवटचं पान अजून कच्चं आहे." मला हसू यायचं, पण मी हसले नाही. किती तरी दिवसांत त्याला असा पाहिला नव्हता.

रोवेना मात्र गप्प होत गेली.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. लॉयड सांगत होता की ब्रायोनीनं त्याला आणखी एक जागा दिलीय, शेवटी, सगळे थांबल्यावर फक्त त्याचा कागद. रोवेनानं ओव्हन बंद केला आणि ती त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. तिला चढवायची सवयच नव्हती.

"लॉयड, हे घर तुझ्या वडिलांचं," ती म्हणाली. "बाग तुझी. रस्त्यापलीकडे तुझी बहीण. शाळेत पोरं मला लॉयडची बायको म्हणून ओळखतात, दुकानात मला उधारीवर सामान मिळतं ते तुझ्या नावावर. मला त्याचं काही नाही. पण त्या खोलीत मी कुणाचीच कुणी नसते. तेवढी एकच जागा होती. तिथेही तू आलास."

"तू हो म्हणाली होतीस."

"ब्रायोनीसमोर नाही कसं म्हणणार होते?"

"मग आता काय करू?"

"मी रागावले नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त ती जागा परत हवीय."

लॉयडनं हात पुसले, टोपी घेतली आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. तो झाडांच्या रांगांमधून वर जात होता, खाली येत होता. मागे नांगर नाही, फवारा नाही, काही नाही. मी बटाटे सोलत राहिले. पाहिजे होते त्याच्या दुप्पट सोलले. रोवेना टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मी दुष्ट आहे का गं?" मी म्हटलं, दुष्ट नाहीस, पण भाजलेलं मांस निवतंय.

दुसऱ्या दिवशी लॉयडनं टॅमझिनला सांगितलं की बसून बसून कंबर धरते, मला जमणार नाही, माझ्याऐवजी ग्वेनला घ्या. टॅमझिननं मान डोलावली, जास्त विचारलं नाही. ब्रायोनी हिरमुसली, मग कुठूनशी जरा जाड, वाळका कागद घेऊन आली आणि म्हणाली, यानं तुमच्या हातूनही आवाज होईल. लास्लो आमच्या बागेत येऊन लॉयडला शोधत फिरला. लॉयड पार वरच्या टोकाला शिडीवर होता. लास्लो खाली उभा राहून बराच वेळ बोलला. लॉयड फळं तोडत राहिला.

मी रोवेनाला सरळ विचारलं, माझं काय, मी चालेन का? ती म्हणाली, "तू नणंद आहेस. नणंदेकडे मी तसंही बघत नाही."

तोडणी संपता संपता एका शनिवारी दुपारी आमच्या पॅकिंग शेडमध्ये कार्यक्रम झाला. अख्खं खोरं लोटलं होतं, होबार्टहूनही लोक आले. उलट्या पेट्यांवर उशा टाकून बसायची सोय. आधी हायडन. पर्सी बाहेर गाडीत. मग आमची पाळी. मी माझ्या चांगल्या निळ्या ब्लाउजमध्ये पेटी मांडीवर घेऊन पाचव्या खुर्चीवर बसले. लॉयड तिसऱ्या रांगेत, कडेला, हात छातीवर बांधून.

आम्ही श्वास घेतला. आणि मला रोवेनाचे डोळे हातभर अंतरावरून दिसले.

मी त्यात शोधलं. भावासाठी शोधलं म्हणा, नाहीतर माझ्या भोचकपणापायी म्हणा. त्यात कुणीच नव्हतं. चुलीवरचं दूध वर यायला लागलं की आई त्याच्याकडे जशी बघायची, तशी ती लास्लोकडे बघत होती. आईचं काही त्या दुधावर प्रेम नव्हतं. पण त्या क्षणी घराला आग लागली असती तरी तिनं मान वळवली नसती. तसंच. आणि मी? मी लास्लोच्या पोटाकडे बघत होते, हातातला कागद वाजत होता, आणि किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्या वेळात मला कुणाचीच आठवण झाली नाही. तिसऱ्या रांगेतल्या लॉयडची नाही, त्याच्या आदल्याच वर्षी वारलेल्या माझ्या नवऱ्याचीसुद्धा नाही. तो गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

टाळ्या पडल्या तेव्हा मी दचकले.

नंतर लोक चहा-केक घेत उभे होते, तेव्हा मी लॉयडला बाजूला घेतलं. सांगितलं की मी जवळून पाहिलं, त्या बघण्यात काही नाही रे. तो तिथे नसतो, तीही नसते. कुणीच कुणाचं नसतं. तू उगीच जीव जाळतोस.

"तुला काय कळणार," तो म्हणाला. "तू आत होतीस."

मग कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दूध आणून द्यायचा, पण फाटकाशी ठेवून जायचा. शेवटी माझ्या छपराचा पत्रा उडाला तेव्हा आला आणि न बोलता बसवून गेला. तिथून पुन्हा सुरू झालं.

वर्षं गेली. चौकडीचं नाव झालं. मेलबर्न, वेलिंग्टन, एकदा तर फिनलंड. लॉयड त्यांना विमानतळावर सोडायचा, आणायचा. रोवेना परत आली की पहिले दोन-चार दिवस त्याच्या कपाळावर आठी असायची, मग निवळायची. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. गुडघेदुखीसारखा त्याच्याबरोबर राहिला. तो त्याला सांभाळून चालायला शिकला. थंड खोलीत मात्र तो पुन्हा गेला नाही. शिडी, करवत, डबे सगळं त्यानं दुसरीकडे हलवलं. तालीम चालू असली की तो बाहेरच्या भिंतीला टेकून पेट्या दुरुस्त करायचा. जाड भिंत. आतला आवाज कितीसा येणार. पण त्याला येत होता.

मग लास्लोचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग लपवता येईनात इतके. तो बॅलराटला लेकीकडे राहायला गेला. निरोपाच्या दिवशी थंड खोलीत चहा होता. लॉयड दारापर्यंत आला, आत आला नाही. लास्लोच बाहेर गेला. दोघं व्हॅनपाशी उभे राहिले. मी दारातून पाहत होते. लॉयडनं सफरचंदांची एक पेटी त्याच्या गाडीत ठेवली.

मला वाटलं, आता माझ्या भावाला शांत झोप लागेल. चेलोवर नवी मुलगी आली, नेरिडा, पंचविशीतली, हुशार. रोवेना तिच्याकडे तशीच बघायला लागली, अगदी तशीच. महिन्याभरात लॉयड माझ्याकडे आला, तणतणत.

"ती पोरगी श्वास खांद्यातून घेते," तो म्हणाला. "वर वर. लास्लो पोटातून घ्यायचा. तिच्या श्वासावरून कुणाला बरोबर सुरू करता येणार आहे?"

"तुला भिंतीआडून श्वास दिसतो होय?"

"ऐकू येतो. सुरुवात कच्ची होते. रोवेनाला कसं चालतं कळत नाही. इतक्या वर्षांचा माणूस गेला आणि हिला काही नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा."

त्याचा तो संताप खरा होता. मी हसणार होते, ते राहिलं.

लॉयड लास्लोला फोन करायला लागला तो तेव्हापासून. दर रविवारी जेवणानंतर. सुरुवातीला तालमीचं सांगायचा. काय बसवतायत, नवीन चिजेत काय खटपटी आहेत, नेरिडा कुठे चुकली. जे त्या जाड भिंतीपलीकडून ऐकलं ते सगळं. लास्लो आता वाजवू शकत नव्हता, त्यामुळे तो ऐकून घ्यायचा. मग तालमीचं संपलं तरी फोन चालूच राहायचा. मी रविवारी तिथेच असते. लास्लो बहुतेक वेळ लेकीच्या शेजाऱ्याच्या कोंबड्यांबद्दल तक्रार करतो, तीही दोनदा. मधेच दोघं गप्प होतात. फोन मात्र कुणी खाली ठेवत नाही.

परवा कपडे वाळत घालताना रोवेनानं मला विचारलं. चिमटा तोंडात धरून, चादरीच्या पलीकडून, म्हणजे चेहरा दिसू नये.

"काय बोलतात गं ते दोघं एवढा वेळ?"

मी म्हटलं, लॉयडलाच विचार.

"विचारलं. म्हणतो, काही नाही, सफरचंदांचं." तिनं चादर झटकली. "मी त्या माणसाच्या समोर वीस वर्षं बसले, ग्वेन. मला त्यानं एकदासुद्धा फोन केला नाही."

"तुला तर तो सहन होत नव्हता."

"नव्हताच," ती म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.

या रविवारी जेवण झाल्यावर लॉयड फोन घेऊन मागच्या ओसरीवर गेला. रोवेनाची व्हायोला लावायची वेळ असते ती, पण तिनं पेटी उघडली नाही. शेंगा सोलायच्या म्हणून टोपली घेऊन ती ओसरीलगतच्या खिडकीपाशी बसली. खिडकी बंद होती. तिनं ती बोटभर वर सरकवली. बाहेर लॉयड काहीतरी ऐकून हसला. रोवेना हातातली शेंग तशीच धरून थांबली, आणि मी टेबल पुसत राहिले.